व्हेनिसचे सहा भाग आणि नवेगांवचा बांध

पाणी आणि घरें एकत्र दिसलीं कीं तेथें व्हेनिसचें नांव घ्यावयाचें, अशी सुशिक्षितांस एक संवयच लागून गेली आहे. काश्मिरांतील श्रीनगर, केरळांतील आलप्पुळा, राजस्थानांतील उदेपूर यांपैकीं प्रत्येकास कोणीना कोणी ‘पूर्वेकडील व्हेनिस’ ही पदवी बहाल केलेली आहे. या तिन्ही गांवांची रचना, हवा आणि इतिहास हीं परस्परांहून इतकीं भिन्न आहेत कीं, एकच उपमा तिघांस लागू पडते याचा अर्थ ती एकासही नीट लागू पडत नाहीं, असाच घ्यावा लागतो. उपमेचें काम ज्ञात वस्तूच्या साह्यानें अज्ञात वस्तु दाखविण्याचें. येथें प्रकार उलट आहे. आपल्या दारची वस्तु आपण पाहिलेली नसते, आणि व्हेनिस तर बहुतेकांनीं चित्रांतच पाहिलेलें असतें. म्हणजे दोन अज्ञातांची गांठ घालून ज्ञान झाल्याचें समाधान तेवढें पदरीं पडतें.

कांहीं वर्षांपूर्वीं गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांव-बांधच्या तलावाच्या पाळीवर, नागपुराहून आलेल्या एका स्नेह्यांसह आम्ही उभे होतों. हिंवाळ्याची संध्याकाळ होती. भोंवतालच्या टेकड्या पाण्यांत उतरल्या होत्या आणि दोन डोंगे कांठाकडे परतत होते. स्नेही म्हणाले, “अगदीं व्हेनिस!” जवळच एक वृद्ध ढीवर जाळें वाळत घालीत होता. त्यानें हें कोणतें गांव म्हणून सहज विचारलें. आम्हीं त्यास सांगितलें कीं, दूर देशीं समुद्राच्या खाजणांत एक जुनें शहर आहे, तेथें रस्त्यांच्या जागीं पाणी आहे आणि लोक नावेंतून दारापर्यंत जातात. म्हातारा थोडा वेळ विचारांत पडला आणि म्हणाला, “त्या गावचा गाळ कोन काढते जी?” आम्हां दोघांस हसूं आलें. पण घरीं आल्यावर रस्किनच्या ग्रंथाचे तीन खंड पुन्हां काढून पाहिले, आणि त्या प्रश्नाचें उत्तर त्यांत कोठें मिळतें का हें शोधूं लागलों, तेव्हां हंसणें थांबलें. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा परिणाम होय.

रस्किनचें नांव महाराष्ट्रीय वाचकांस परकें नाहीं. त्याच्या ‘अन्टु धिस लास्ट’ या पुस्तकाचें सार गांधीजींनीं १९०८ सालीं ‘सर्वोदय’ या नांवानें गुजरातींत दिलें, आणि पुढें विनोबांच्या कार्यामुळें तो शब्द आमच्या घराघरांत पोहोंचला. ‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’ हा ग्रंथ त्याच्याही आधींचा, म्हणजे १८५१ ते १८५३ या काळांत प्रसिद्ध झालेला. शिल्पावर इतकें मन लावून लिहिलेले ग्रंथ जगांत थोडेच सांपडतील. एकेका कमानीचें वळण, एकेका खांबाचें मस्तक त्यानें स्वतः शिडीवर चढून मोजलें, आणि त्या मोजमापांतून एक सिद्धांत उभा केला. तो सिद्धांत असा कीं, इमारतीचा दगड हा ती घडविणाराच्या मनःस्थितीचा साक्षीदार असतो. ज्या कारागिरास प्रत्येक रेघ दुसऱ्याच्या मापानें ओढावयास लावली, त्याचें काम सफाईदार होईल, परंतु तो स्वतः यंत्र होऊन बसेल. आणि ज्यास चुका करण्याची मोकळीक आहे, त्याच्या ओबडधोबड कामांतही माणूस दिसेल. ‘गॉथिक शैलीचें स्वरूप’ या प्रकरणांत मांडलेला हा विचार आजही जुना झालेला नाहीं. कलेच्या चर्चेंत मजुराचा प्रश्न प्रथम आणणारांत रस्किनचें स्थान फार वरचें आहे, हें मोकळ्या मनानें कबूल करूनच पुढें जावयास हवें.

परंतु ज्या ग्रंथावर प्रेम असतें त्याचे दोष अधिक बोंचतात. पहिला दोष असा कीं, रस्किनला व्हेनिस हें मुख्यतः एका दृष्टांतासाठीं हवें आहे. ग्रंथाच्या प्रारंभींच तो टायर, व्हेनिस आणि इंग्लंड या तीन सागरी सत्तांची मालिका लावतो. पहिलीची आठवण तेवढी उरली, दुसरीचे अवशेष उरले, तिसरीनें यावरून काय तें शिकावें, असा त्याचा रोख आहे. दृष्टांत म्हणून हें प्रभावी आहे. पण दृष्टांतासाठीं वापरलेलें शहर दृष्टांतापुरतेंच दिसतें. त्याचा उत्कर्ष म्हणजे पुण्य आणि त्याचा ऱ्हास म्हणजे पाप, असें एकदां ठरलें, म्हणजे त्या शहरांत सकाळीं पाणी कोण भरीत होतें हा प्रश्न क्षुद्र वाटूं लागतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. रस्किनला पाणी दिसलें नाहीं असें नव्हे. दुसऱ्या खंडाच्या आरंभींच्या प्रकरणांत त्यानें खाजणाचें आणि भरती-ओहोटीचें फार सुंदर वर्णन केलेलें आहे. समुद्र अधिक खोल असता तर शत्रूंचीं जहाजें आंत आलीं असतीं. भरती मुळींच नसती तर कालव्यांचें पाणी सडलें असतें. आणि ती थोडी अधिक उंच असती तर घरांच्या पायऱ्याच बुडाल्या असत्या, हें त्यानें अचूक ओळखलें. मात्र या योजनेचें श्रेय तो देतो तें परमेश्वरास. श्रद्धेविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु इतिहास असा कीं, तें खाजण शतकानुशतकें माणसांनीं राखलें. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १५०१ सालीं पाण्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमले. ब्रेंटा, सीले, पिआवे या नद्या गाळ आणून खाजण बुजवितील, म्हणून त्यांचीं मुखें पिढ्यान् पिढ्या खपून दुसरीकडे वळविलीं. समुद्राच्या बाजूस दगडी भिंती बांधल्या. त्यांचें काम १७८२ सालीं, म्हणजे राज्य बुडण्यापूर्वीं अवघीं पंधरा वर्षें आधीं, पुरें झालें. ज्यास रस्किन केवळ ऱ्हासाचा काळ समजतो, त्या काळांतही गाळाचा आणि लाटेचा हिशेब हें शहर विसरलें नव्हतें. तेव्हां त्या वृद्धाच्या प्रश्नास उत्तर होतें. तें रस्किननें विचारलें नाहीं इतकेंच.

आतां हें शहर आंतून कसें रचलेलें आहे तें पाहूं. व्हेनिसचे जुने भाग सहा: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, दोर्सोदूरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. यांस तेथें ‘सेस्तिएरे’ म्हणतात. त्याचा अर्थ षष्ठांश. आपल्याकडे राजानें उत्पन्नाचा सहावा वाटा घ्यावा आणि त्याच्या मोबदल्यांत रक्षण करावें असा धर्मशास्त्राचा दंडक होता, त्याची या शब्दानें सहज आठवण होते. गोंदोला नांवाच्या त्यांच्या प्रसिद्ध नावेच्या नाळीवर लोखंडाचे सहा दांत असतात, ते या सहा भागांचे द्योतक होत, असें तेथील लोक सांगतात. पुण्याच्या पेठांप्रमाणेंच या भागांसही प्रत्येकीं निराळा स्वभाव आहे. सान मार्कोंत राज्यकारभार आणि मिरवणूक. सान पोलोंत रिआल्तोचा बाजार. कास्तेल्लोंत जहाजें बांधण्याचा प्रचंड कारखाना. सांता क्रोचे या भागास ज्या देवळाचें नांव पडलें, तें देऊळ नेपोलियनच्या अमदानीनंतर उरलें नाहीं, तरी नांव टिकून आहे. घरांचे क्रमांक गल्लीवार नसून भागवार असतात आणि ते कित्येक सहस्रांपर्यंत जातात, त्यामुळें पाहुणा हमखास चुकतो. तेथील रहिवाशास मात्र क्रमांकाची गरजच पडत नाहीं.

परंतु या सहा भागांचा खरा घटक त्याहून लहान आहे. तो म्हणजे ‘काम्पो’. या शब्दाचा अर्थ शेत; शहरांतील चौकास हें नांव पडलें. प्रत्येक काम्पोंत एक चर्च आणि बहुधा मध्यभागीं एक विहीर. ही विहीर म्हणजे या शहराची खरी करामत. व्हेनिसभोंवतीं पाणीच पाणी, परंतु तें खारें. पिण्यास थेंब नाहीं. म्हणून चौकाची जमीन खोल खणीत, तिला चिकणमातीचें अस्तर देत, त्यांत वाळू भरीत आणि मधोमध विटांचा कूप बांधीत. चौकावर पडलेलें पावसाचें पाणी कोपऱ्यांतील दगडी जाळ्यांतून आंत उतरे, वाळूंतून गाळलें जाई आणि कूपांत जमे. म्हणजे आपण ज्यास चौक म्हणून पाहतों, तें वस्तुतः एका मोठ्या गाळणीचें झांकण होय. विहिरीवर देखरेख मोहल्ल्याच्या मुख्याची; ती ठराविक वेळींच उघडावयाची. १८८४ सालीं मुख्य भूमीवरून नळाचें पाणी आलें, तोंपर्यंत हें शहर असेंच आभाळाचें पाणी पीत होतें. आज त्या विहिरींवर लोखंडी झांकणें आहेत, आणि प्रवासी त्यांवर बसून विसांवा घेतात. व्हेनिसच्या सौंदर्याचें व्याकरण शिकावयाचें तर तें राजवाड्याच्या कमानीपेक्षां या झांकणापासून शिकावें, असें आमचें मत आहे.

आतां नवेगांवकडे वळूं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. पण जमीन, भाषा आणि पाणी यांच्या दृष्टीनें हा प्रदेश एकच आहे, आणि तो पुढें चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरलेला आहे. या चार जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजार जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून हे तलाव मुख्यतः कोहळी लोकांनीं बांधले. रसेल आणि हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातीजमातींवरील ग्रंथांतही कोहळ्यांची ही ख्याति नमूद आहे. जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याखालीं भिजेल तेवढी जमीन, असा राजाचा करार होता, असें परंपरा सांगते. नवेगांवचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला, आणि भोंवतालच्या ‘सात बहिणी’ या टेकड्यांनीं त्यास साह्य केलें, अशी कथा त्या भागांत सर्वांच्या तोंडीं आहे. कथेंतील बहिणी बाजूस ठेवल्या तरी त्यांतील स्थापत्य खरें आहे. टेकड्यांच्या मधल्या फटी तेवढ्या मातीनें बुजविल्या. बाकीची भिंत निसर्गानें आयतीच दिली होती.

या तलावाचे अवयव ध्यानांत घेण्यासारखे आहेत. जंगलांतून येणारें पाणी अडविणारी मातीची पाळ. पाणी सोडण्याचें तुडुम. जादा पाणी जाऊं देणारा सांडवा. तुडुमापासून निघणारे पाट. आणि पाटाखालीं उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. वरच्या तलावाचें सांडलेलें पाणी खालच्या तलावांत, त्याचें त्याखालच्या बोडींत, अशी मालिका असे. कोणाच्या बांधींत केव्हां पाणी जावयाचें हें पाहण्यास पाणकर असे. उन्हाळ्यांत तलाव आटला म्हणजे त्यांतील गाळ गाड्या भरभरून शेतांत नेत. त्यानें तलाव खोल राही आणि शेताला खत मिळे. ज्या वस्तूनें तलाव मरावयाचा तिनेंच शेत जगावयाचें, अशी ही योजना होती. तिचा जनक कोण तें इतिहासास ठाऊक नाहीं. परंतु ती ज्यास सुचली तो रस्किनच्या कोणत्याही शिल्पकाराहून कमी प्रतिभेचा नव्हता.

आतां त्या स्नेह्यांच्या उद्गाराकडे परत जाऊं. नवेगांव हें व्हेनिससारखें आहे काय? दिसावयास मुळींच नाहीं. तेथें खारें पाणी, येथें गोडें. तेथें व्यापार, येथें धान. तेथें संगमरवर, येथें माती. परंतु एका बाबतींत साम्य आहे, आणि तें डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. दोन्हीकडे पाण्यानें वस्तीचे भाग पाडले, आणि प्रत्येक भागावर देखभालीचें एक कर्तव्य बसविलें. काम्पोची विहीर आणि गांवचें तुडुम यांचें नातें गोंदोला आणि डोंगा यांच्या नात्यापेक्षां फार जवळचें आहे. उपमा चुकीची होती असें नाहीं. ती चुकीच्या ठिकाणीं लावली होती.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, ही जुन्या काळाची भलामण झाली. त्या व्यवस्थेंत कोण सुखी होतें आणि कोण दुःखी हें लेखक सांगत नाहीं. आक्षेप रास्त आहे, आणि त्यास बगल देऊन पुढें जाणें हा अप्रामाणिकपणा होईल. व्हेनिसच्या कान्नारेजो भागांत एक ठिकाण असें आहे कीं, तेथील घरें शहरांतील इतर घरांपेक्षां उंच आहेत. प्रवासी त्या उंचीचें कौतुक करतात. तिचें कारण असें कीं, १५१६ सालीं प्रजासत्ताकानें यहुद्यांस त्या एका बेटावर राहण्यास भाग पाडलें. रात्रीं दरवाजे बंद होत, भोंवतीं पहारा असे, आणि त्या पहाऱ्याचा खर्चही कोंडलेल्यांकडूनच घेत. जागा वाढेना आणि माणसें वाढत गेलीं, म्हणून मजल्यावर ठेंगणे मजले चढले. ‘घेट्टो’ हा शब्द जगास या जागेनें दिला. १७९७ सालीं नेपोलियनच्या सैन्याबरोबर ते दरवाजे मोडले, आणि त्याच वर्षीं ते प्रजासत्ताकही संपलें. तेव्हां जुन्या शहराच्या भागांचें सौंदर्य वर्णितांना, त्यांतील कोणती भिंत कोणाच्या हौसेनें उंच झाली आणि कोणती कोणाच्या कोंडमाऱ्यानें, हें सांगणें टीकाकाराचें कर्तव्य आहे.

आमच्या गांवांचेंही तसेंच आहे. पाटलाचा वाडा पाळीजवळ आणि अस्पृश्य ठरविलेल्यांची वस्ती गांवापासून निराळी, ही रचना काय केवळ पाण्यानें ठरविली? तलाव मालगुजाराच्या मालकीचा. पाळीवर मातीच्या पाट्या वाहणाराचें नांव कोणत्याही कथेंत नाहीं. सात बहिणींचीं नांवें विचारलीं तर सांगणारा भेटेल, परंतु ज्यांनीं प्रत्यक्ष टोपल्या वाहिल्या त्या बायकांचें नांव सांगणारा भेटणार नाहीं. रस्किननें गॉथिक कारागिराविषयीं जो प्रश्न विचारला, तो नवेगांवच्या पाळीलाही विचारला पाहिजे: काम करणारा येथें माणूस होता कीं साधन? आम्हांस वाटतें, या प्रश्नाचें उत्तर दोन्ही प्रकारचें आहे. गाळ काढण्याचें काम सर्वांचें होतें, पण भिजलेल्या जमिनीचा वाटा सर्वांस सारखा नव्हता. जुनी व्यवस्था टिकाऊ होती याचा अर्थ ती न्यायाची होती असा नव्हे. आणि ती अन्यायाची होती याचाही अर्थ तिच्यांत शिकण्यासारखें कांहीं नव्हतें असा होत नाहीं. या दोन वाक्यांपैकीं एकच धरून बसणारे दोन पक्ष आमच्याकडे आहेत, आणि त्यांच्या वादांत तलाव मात्र भरत चालला आहे.

कारण दोन्हीकडे पुढें जें झालें त्यांत विलक्षण सारखेपणा आहे. मालगुजारी १९५० च्या कायद्यानें संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारच्या ताब्यांत आले. मालकी गेली हें योग्यच झालें. परंतु मालकीबरोबर कर्तव्यही गेलें, आणि तें कोणाकडे गेलें हें कोणासच नीट समजलें नाहीं. सरकारी कागदोपत्रीं हे ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. त्याचें संक्षिप्त रूप ‘मामा तलाव’. नांव घरगुती झालें, पण भाचा कोणी राहिला नाहीं. लहान तलाव जिल्हापरिषदेकडे गेले, पाणकर नाहींसा झाला, गाळ सांचला, आणि बेशरम नांवाच्या झुडपानें कांठ व्यापले. शेतकऱ्यास पाणी हवें म्हणून तो तुडुम उघडूं पाहतो, ढिवरास मासे हवेत म्हणून तो तें बंद ठेवूं पाहतो; पूर्वीं हा तंटा गांवांत मिटे, आतां त्यासाठीं कचेरीची वाट धरावी लागते.

व्हेनिसची कथा मोठ्या प्रमाणावर हीच आहे. १८४६ सालीं आगगाडीचा पूल आला, १९३३ सालीं मोटारींचा. कित्येक कालवे बुजवून त्यांचे रस्ते झाले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं भरतीचें पाणी १९४ सेंटिमीटर चढलें. १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं १८७. खाजणाच्या तीन मुखांवर अठ्ठ्याहत्तर लोखंडी दरवाजे बसविण्याची महागडी योजना उभी राहिली, आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजीं ते दरवाजे प्रथमच भरतीविरुद्ध उचलले गेले. मध्यंतरीं, २०१४ सालीं, या योजनेंतील लांचलुचपतीचें प्रकरण उघडकीस आलें, आणि जुन्या परंपरेंतील पाण्याचें खातें त्याच वर्षीं मोडण्यांत आलें. दरवाजे आले आणि राखणदार गेला! परंतु याहूनही मोठी गळती माणसांची आहे. १९५१ च्या सुमारास या जुन्या शहरांत पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ सालीं तो आंकडा पन्नास हजारांच्याही खालीं उतरला. घरें प्रवाशांस भाड्यानें जातात, भाजीच्या दुकानाच्या जागीं मुखवट्यांचें दुकान येतें. २०२४ सालीं तर कांहीं ठराविक दिवशीं दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशमूल्य घेण्यास प्रारंभ झाला. ज्या शहरांत शिरावयास तिकीट लागतें तें शहर कीं नाटकगृह, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

या ऱ्हासांत वाङ्मयाचा कांहीं वाटा आहे काय? आमच्या मतें आहे. व्हेनिस हें मरणोन्मुख सौंदर्य आहे, ही कल्पना पुस्तकांनीं इतकी रुजविली कीं, तें जिवंत राहावें असें कोणास वाटेनासें झालें. टॉमस मान याच्या १९१२ सालच्या प्रसिद्ध दीर्घकथेंत शहरांत पटकी पसरते, आणि पाहुणे निघून जातील म्हणून अधिकारी ती लपवून ठेवतात. मानची दृष्टि येथें रस्किनपेक्षां अधिक निष्ठुर आणि अधिक खरी आहे. पाहुण्यांवर जगणारें गांव स्वतःशींही खरें बोलूं शकत नाहीं, हें त्यानें ओळखलें. पण तेथील रहिवासी त्याच्या कथेंत नायकाच्या मृत्यूचे केवळ साक्षी आहेत. इटालो काल्व्हिनो याच्या १९७२ सालच्या पुस्तकांत मार्को पोलो कुब्लाईखानास अनेक कल्पित नगरांचीं वर्णनें सांगतो, आणि कबूल करतो कीं, प्रत्येक वर्णनांत आपण व्हेनिसविषयींच कांहीं बोलत होतों. हें फार मार्मिक आहे. माणूस परक्या नगराचें वर्णन आपल्या गांवाच्या शब्दांत करतो. आम्हीं मात्र आमच्या गांवाचें वर्णन परक्या नगराच्या शब्दांत करण्याची उलटी कला साधली आहे.

आमच्या भाषेंत नवेगांवास वाङ्मयांत स्थान मिळालें तें मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्यामुळें. वनाधिकारी म्हणून ते येथें राहिले, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हें पुस्तक त्यांनीं या परिसरास दिलें. त्यांचा मोठा गुण असा कीं, ढीवर आणि गोंड यांच्या तोंडचा शब्द त्यांस ज्ञान वाटला, अडाणीपणा वाटला नाहीं. रस्किन शिडीवर चढून दगड मोजी. चितमपल्ली खालीं बसून माणसांस विचारीत. या दुसऱ्या रीतीचें महत्त्व आम्हांस अजून पुरतें उमगलेलें नाहीं. दोष त्यांच्या लेखणीचा नव्हे, आम्हां वाचकांचा आहे. आम्हीं त्यांतील पक्षी तेवढे उचलले आणि पाळ, तुडुम व ढीवर हे मागें टाकले. आज महाराष्ट्रांत सारस पक्षी जे थोडके उरले आहेत ते मुख्यतः याच गोंदियाच्या भागांत. आणि त्यांचें घर म्हणजे जंगल नव्हे, तर माणसानें राखलेला तलाव आणि त्याखालची धानाची बांधी. सारसावर प्रेम करणारानें गाळाचा प्रश्न टाळणें म्हणजे काम्पोचें चित्र काढून विहीर पुसून टाकण्यासारखें आहे.

हें सर्व निराशेनें लिहिलें आहे असें कोणी समजूं नये. राज्य सरकारनें २०१७ सालीं धरणांतील गाळ काढून शेतांत नेण्याची योजना काढली, तेव्हां तिचें नांव नवें असलें तरी कल्पना कोहळ्यांचीच होती. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळासारख्या संस्थेच्या साह्यानें या भागांतील ढीवर स्त्रियांनीं कांहीं तलावांतील बेशरम उपटून टाकली आणि माशांस उपयोगी अशा देशी पाणवनस्पति लावल्या. या कामांत एक गोष्ट नवी आहे, आणि आमच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोलाची आहे. पूर्वीं ज्यांचें नांव कोणी घेत नसे त्याच स्त्रिया आतां तलावाचें काय करावें हें ठरवूं लागल्या आहेत. जुन्या व्यवस्थेंतील कर्तव्य घ्यावें आणि तिची मालकी टाकावी, असें नुसतें म्हणणें सोपें आहे. तें करून दाखविण्याचा हा एक लहानसा प्रयत्न होय. असे हात प्रत्येक तलावास मिळतील कीं नाहीं, हें आजच सांगतां येणार नाहीं.

व्हेनिसमध्यें १९०२ सालीं सान मार्कोचा घंटेचा मनोरा एका सकाळीं कोसळला. नगरपालिकेनें तो त्याच जागीं, पूर्वीं होता तसाच बांधावयाचें ठरविलें, आणि १९१२ सालीं तो पुरा झाला. पडलेला मनोरा दहा वर्षांत उभा करतां येतो. निघून गेलेली वस्ती तशी उभी करतां येत नाहीं, हें त्यानंतरच्या शंभर वर्षांनीं दाखविलें. शहर असो कीं खेडें, त्याचे जुने भाग दगडांवर किंवा मातीवर उभे नसतात. ते रोजच्या एका कंटाळवाण्या कामावर उभे असतात, आणि तें काम करणारास तेथें मानानें राहतां येतें कीं नाहीं यावर त्यांचें भवितव्य ठरतें.

आमचे स्नेही पुढच्या वर्षीं खरोखरच व्हेनिसला जाऊन आले. परतल्यावर त्यांनीं पुष्कळ चित्रें दाखविलीं आणि पुष्कळ वर्णन केलें. सर्व पाहून झाल्यावर आम्हीं त्यांस त्या वृद्धाचा प्रश्न विचारला. ते जरा थांबले आणि म्हणाले, “पहांटे एक पडाव कालव्यांत उभा होता, आणि दोन माणसें तळाचा चिखल उपसून त्यांत भरीत होतीं. मीं त्याचें चित्र घेतलें नाहीं.” त्यांच्या स्वरांत खंत होती. त्यांच्या सर्व प्रवासवर्णनांत हें एकच वाक्य आम्हांस टीकेच्या योग्यतेचें वाटलें, आणि तें त्या ढिवरास जाऊन सांगावयाचें आमच्याकडून अद्याप राहून गेलेलें आहे.